हुकलेलं वादळ

दिल्लीचं तापमान म्हणून बातम्यांत रोज जो आकडा सांगतात, तो सफदरजंगच्या वेधशाळेचा असतो. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरपासून ती वेधशाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आयएनए मार्केट मागे टाकून अरबिंदो मार्ग ओलांडला की जुन्या विमानतळाची हद्द सुरू होते. त्यामुळे इतर दिल्लीकरांना जो शहराचा आकडा वाटतो, तो मला आमच्या गल्लीचाच वाटतो. ३० मे २०२२ च्या दुपारी या वेधशाळेनं ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद केली. चाळीस अंशांवर असलेला पारा बघता बघता पंचविसावर आला. जामा मशिदीच्या मधल्या घुमटावरचा कळस मोडून पडला. आमच्या आवारातला एक कडुनिंब दोन स्कूटरींवर आडवा झाला. वीज रात्री उशिरा आली, तेव्हा मी कॅन्ससमधल्या एका बाईंना ई-मेल लिहायला बसले. ते पत्र मी चार वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

त्या बाई २०१८ च्या एप्रिल अखेरीस दिल्लीत आल्या होत्या. वय साठीच्या आसपास, शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि तीस वर्षं दर मे महिन्यात वादळांमागे गाडी घेऊन फिरणाऱ्या. अमेरिकेत अशा माणसांना स्टॉर्म चेझर म्हणतात. मला दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत दोन आठवडे फिरायचं होतं. मी मराठी, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी यांच्यात भाषांतरं करून पोट भरते. दिवसाचे पैसे रोख मिळणार होते, आणि मे महिन्यात घरी बसून दुसऱ्याच्या कादंबरीशी झटापट करण्यापेक्षा हे काम बरं वाटलं.

पहिली अडचण शब्दाचीच आली. शेजारच्या भाभीजींनी विचारलं, पाहुण्या काय करतात? 'तूफ़ान का पीछा करती हैं' असं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच 'बादलों की फ़ोटो खींचती हैं' एवढ्यावर आले. मराठीत तरी काय म्हणणार? पाठलाग चोराचा करतात. वादळाच्या मागावर असलेली बाई म्हटलं की शिकारी डोळ्यांपुढे येतो. अलेक्झांडर फ्रेटर हा लेखक १९८७ सालच्या मोसमी पावसामागे केरळपासून चेरापुंजीपर्यंत गेला आणि त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. पण मोसमी पाऊस म्हणजे वेळापत्रक असलेली गाडी. उशीर झाला तरी स्टेशनं ठरलेली. मेमधल्या वादळाला स्टेशन नसतं. ते दुपारी दोन वाजता नसतं, सहा वाजता असतं आणि आठ वाजता संपलेलं असतं.

माझ्याकडे मात्र त्याच्यासाठी चार शब्द होते. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी वैशाखात धुळीसकट सुटणाऱ्या वाऱ्याला वावधान म्हणतात आणि त्यापाठोपाठ येतो तो वळीव. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम. ए. करताना कालबैशाखी कळली. वर्गाच्या खिडक्या आपटायला लागल्या की प्राध्यापक बोलायचे थांबत, आणि कोणी खिडकी लावायलाही उठत नसे. मग लग्नानंतर दिल्लीत आले आणि आंधी भेटली. पाहुणीनं येण्याआधी हवामान खात्याच्या 'मौसम' या नियतकालिकातला १९८० सालचा एक शोधनिबंध वाचला होता. तो इंग्रजीत आहे, पण त्याच्या शीर्षकात 'आंधी' हा शब्द तसाच ठेवलेला आहे. 'शास्त्रज्ञांनी भाषांतर केलं नाही म्हणजे दुसरी वस्तू असणार,' ती म्हणाली. मला ती तिथंच आवडली.

वस्तू खरंच वेगळी आहे. उन्हाळ्यात रोज सुटणारी धुळकट लू वेगळी आणि आंधी वेगळी. आंधी उंच ढगातून खाली येते. ढगातला पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेतून पडताना वाटेतच वाळून जातो. त्या वाफ होण्यानं हवा एकदम गार आणि जड होते, धाडकन जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. पसरताना पुढ्यातली सगळी धूळ उचलून उभी भिंत करते. लांबून दिसते ती ही भिंत. पाऊस मागून येतो, कधी येतही नाही.

सकाळी सहाला पाहुणी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. राजस्थानात पारा कुठं चढलाय, पंजाबावरून पश्चिमी विक्षोभ सरकतोय का, बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा किती आत पोचलीय, हे ती बघायची. वरच्या थरात उबदार हवेचं झाकण असतं. झाकण घट्ट असेल तर खाली कितीही उकळलं तरी दिवस वाया. झाकण एकाच ठिकाणी उचललं गेलं तर साठलेली सगळी वाफ त्या एका ठिकाणाहून सुटते. ते ठिकाण ओळखून दुपारी तिथं हजर असायचं, हा या उद्योगाचा गाभा. बाकी सगळं म्हणजे वाट बघणं. 'दहा दिवसांतले आठ दिवस आम्ही पेट्रोलपंपावर सँडविच खात आकाशाकडे बघतो,' ती म्हणाली. आम्ही हरियाणातल्या ढाब्यांवर पराठे खात बघितलं, एवढाच फरक.

फरक आणखीही होते. कॅन्सस आणि ओक्लाहोमात शेतांमधले रस्ते मैला-मैलावर काटकोनात आखलेले. वादळानं दिशा बदलली की तुम्हीही बदलायची. क्षितिज स्वच्छ, शंभर किलोमीटरवरचा ढग ऐरणीसारखा सपाट माथ्यासकट दिसतो. आमच्याकडे क्षितिज मेमध्ये धुळीत विरघळलेलं असतं. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, म्हशी, वरात. ड्रायव्हर मेवातचे होते, तीस वर्षं गाडी चालवलेले. त्यांना तिनं माझ्यामार्फत तीन नियम सांगितले: पुढं न निघणारा रस्ता पकडायचा नाही, झाडाखाली थांबायचं नाही, गाडीचं तोंड नेहमी सुटकेच्या रस्त्याकडे ठेवायचं. ते म्हणाले, 'मॅडमजी, ये तो हम भूत से बचने के लिए करते हैं.' मी भाषांतर केलं तेव्हा ती पोट धरून हसली.

नियम कुठून आले तेही तिनं सांगितलं. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनो गावाजवळ चार किलोमीटरहून रुंद चक्रीवादळ जमिनीवर उतरलं आणि त्यानं अचानक वळण घेतलं. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघं त्यात गेले. समारास या क्षेत्रातले सर्वांत काळजीपूर्वक वागणारे संशोधक मानले जात. ती त्या दिवशी त्याच भागात होती. त्या आठवणीबद्दल ती याहून जास्त बोलली नाही.

मी विचारलं, मग का जाता? ती म्हणाली, रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वाकलेली आहे. जितकं लांब, तितकं रडार ढगाचं फक्त वरचं अंग बघतं. जमिनीवर काय चाललंय ते तिथं उभ्या असलेल्या माणसानं सांगावं लागतं. अमेरिकेत हवामान खात्यानं अशा स्वयंसेवकांचं जाळं केलेलं आहे. त्यांनी फोन केला की भोंगे वाजतात. 'मी फोटो काढते हे खरं,' ती म्हणाली, 'पण फोन आधी करते.' हे वाक्य मी लक्षात ठेवलं, कारण ते मला पुढं वापरावं लागणार होतं.

आल्या आल्या तिनं एक हट्ट केला होता. १७ मार्च १९७८ ला उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात खरोखरीचं चक्रीवादळ उतरलं होतं आणि काही मिनिटांत २८ माणसं गेली होती. ती जागा तिला बघायची होती. मॉरिस नगरात आम्ही तासभर फिरलो. चहावाला, पुस्तकवाला, एक निवृत्त कारकून, कोणालाच काही आठवत नव्हतं. कारकून म्हणाले, 'दिल्ली में इतना कुछ हुआ है, बहनजी, हवा कौन याद रखेगा.' हेही मी नीट भाषांतर केलं. सांगायचं असं की तोवर माझं भाषांतर चोख चाललं होतं.

२ मेच्या सकाळी तिनं हिसार निवडलं. कारणं होती, नकाशावर मलाही पटली. आम्ही हिसारच्या अलीकडे एका कालव्याच्या पुलावर चार तास काढले. आकाश पिवळं झालं, थोडी धूळ उठली, विरली. झाकण तिथं उचललंच नाही. परतीच्या वाटेवर रोहतकला चहा घेताना तिनं फोनवर रडारचं चित्र उघडलं. अलवर-भरतपूरच्या बाजूला लाल रेघ उभी होती, धनुष्यासारखी वाकलेली. तिथं पोचायला किमान पाच तास. रेघेला आग्र्याला पोचायला त्याहून कितीतरी कमी लागणार होते.

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि एकच शब्द म्हणाली. त्याचं मराठी मी मनातल्या मनात केलं: हुकलं. झेल हुकतो, गाडी हुकते, नेम हुकतो. आणि मी काय केलं? मीही हळहळले. परतीच्या वाटेवर आम्ही दोघी फुरंगटून बसलो होतो, सहल बुडालेल्या मुलींसारख्या.

सकाळी बातम्या आल्या. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात मिळून शंभराहून जास्त माणसं गेली होती. अलवर, भरतपूर, धौलपूर, आणि सगळ्यांत जास्त आग्रा जिल्ह्यात, खेरागढच्या बाजूला. बहुतेक रात्री गेले, झोपेत. वारा माणसाला सहसा मारत नाही. भिंत मारते, पत्रा मारतो, झाड आणि विजेचा खांब मारतो. पाहुणी बराच वेळ बातमी बघत राहिली. मग म्हणाली, 'आपण तिथं जायला हवं.' मी विचारलं नाही, आता कशाला? आदल्या संध्याकाळची हळहळ मला अंगाला चिकटल्यासारखी झाली होती, आणि जाण्यानं ती धुतली जाईल असं मलाही वाटलं असणार.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात आठवडे-दोन आठवडे गारपीट चालली होती. आमच्याकडे गहू आणि हरभरा काढणीला आलेला. मी दिल्लीहून फोन केला आणि आईला पहिला प्रश्न विचारला, 'किती मोठ्या होत्या गं गारा?' तिकडून काही क्षण आवाज नाही. मग आई म्हणाली, 'आता गारा मोजत बसू का हरबरा बघू?' नंतर तिनंच सांगितलं, लिंबाएवढ्या होत्या. अमेरिकेत गारा गोल्फच्या, टेनिसच्या, बेसबॉलच्या चेंडूंनी मोजतात. आपल्याकडे बोर, आवळा, लिंबू. पाहुणीला हे सांगितलं तेव्हा तिला फार आवडलं, तिनं वहीत लिहून घेतलं. मी सांगितलं नाही ते आईचं पहिलं उत्तर.

५ मेला आम्ही धौलपूर आणि आग्र्याच्या सीमेवरच्या एका गावात पोचलो. हा तांबड्या दगडाचा मुलूख. घरांच्या भिंतीही दगडाच्या, पण गरिबाघरी त्या सिमेंटात नाही, मातीत रचलेल्या असतात. वर दगडी फरश्यांचं छत किंवा पत्रे. अशी भिंत उन्हात, थंडीत पन्नास वर्षं उभी राहते आणि आडव्या वाऱ्यात एका झटक्यात पडते. ज्या घरासमोर आम्ही थांबलो तिथं अंगणाकडची भिंत गेली होती. त्या भिंतीलगत खाटेवर त्या घरातले आजोबा झोपले होते. दगड आता नीट एका बाजूला रचून ठेवले होते. खाट तशीच मोडकी, उन्हात.

त्यांची सून चुलीपाशी बसली होती. तिशीची असेल. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, पण बोलायला भीड नव्हती. तिनं सगळं क्रमानं सांगितलं. आधी हवा थांबली. कुत्री भुंकायची थांबली. मग उत्तरेकडून गाडीसारखा आवाज. पोरांना उचलून ती आतल्या खोलीत गेली, सासऱ्यांना हाक मारली, त्यांना ऐकू कमी येई. पाहुणीचा रेकॉर्डर खाटेच्या पायाशी चालू होता. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत होते. ब्रज मला पुरती येत नाही, पण त्या बाई माझ्यासाठी सावकाश बोलत होत्या.

मग त्यांनी विचारलं, या गोऱ्या बाई कोण? मी सांगितलं. ढगांवरून ओळखतात, वादळ कुठं होणार ते. तास-दोन तास आधी. सरकारला फोन करतात, मग लोकांना इशारा मिळतो. पाहुणीच्या तोंडचं ते वाक्य मी इथं वापरलं, अभिमानानं. तिच्या देशात असं होतं, एवढं जोडायला विसरले, की मुद्दाम जोडलं नाही, हे आता सांगता येत नाही.

त्या बाईंनी फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'तौ वा दिन कहाँ हतीं?'

मग त्या दिवशी कुठं होतात?

ब्रज पुरती येत नाही, पण हे वाक्य कळायला ब्रज लागत नाही. पाहुणीनं माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतायत? आणि मी इंग्रजीत म्हणाले, त्या विचारतायत, तुम्ही कुठून आलात.

'कॅन्सस,' पाहुणी म्हणाली, हसून, मान लववून.

'अमेरिका से,' मी म्हणाले.

'अच्छा,' त्या बाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. त्यानंतर त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या पुतण्यानं बाजेवर बसवून चहा दिला, फोटोंना परवानगी दिली, स्वतःचा मोबाइल नंबर लिहून दिला. आम्ही निघालो. गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं.

भाषांतरात चुका होतात. मी आयुष्यात शेकडो केल्या असतील, कित्येक छापूनही आल्या आहेत. शब्द न कळल्यानं होतात, घाईनं होतात, कधी मूळ वाक्यच दोन तोंडांचं असतं. ही त्यांतली नव्हती. मला वाक्य कळलं होतं आणि त्याचं नेमकं इंग्रजी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं आणि त्याच्या शेजारचं, निरुपद्रवी वाक्य दिलं. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून केलं. पण त्या बाईंनी प्रश्न माझ्याकडे बघून विचारला होता. 'हतीं' एकीसाठीही चालतं, दोघींसाठीही. मराठीतलं 'होतात'ही तसंच. त्या दिवशी मीही हिसारच्या पुलावर होते. रडारवरची लाल रेघ मीही बघितली होती, ती कुठं निघाली आहे हे मलाही दिसत होतं. आणि रोहतकच्या त्या टेबलावर चार फोन असून आम्ही कोणालाही फोन केला नाही. कोणाला करायचा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं, हेही खरं. पण आम्ही शोधलंही नाही. आम्ही हुकलं म्हणून हळहळत होतो.

पुढचे दिवस विचित्र गेले. इतकी माणसं गेल्यावर इशारेच इशारे झाले. ७ आणि ८ मेला हरियाणातल्या शाळा बंद ठेवल्या. आम्ही पुन्हा दोनदा बाहेर पडलो, धुळीची एक बऱ्यापैकी भिंत पानिपताच्या पुढं बघितली. पाहुणीनं फोटो काढले, पण ती पहिल्यासारखी उत्साहात नव्हती. ११ मेच्या रात्री तिचं विमान गेलं.

१३ मेच्या रविवारी, दुपार कलताना, मी कपडे काढायला गच्चीत गेले. पश्चिमेकडे, सरोजिनी नगरच्या वरच्या बाजूला आकाशाचा रंग बदलला होता. दोन आठवड्यांपूर्वी मी त्याला नुसतं 'भरून आलंय' म्हटलं असतं. आता मला काळ्या ढगाची खालची कड दिसत होती, फळीसारखी सरळ, आणि तिच्याखाली मातकट पडदा. कावळे एका दिशेनं निघाले होते. हवा थांबली. मी खाली धावले.

आमच्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली इस्त्रीवाल्यांचं टेबल असतं. नवरा, बायको, टेबलाखाली झोपलेलं पोर, आणि कोळशाची इस्त्री. 'भैया, आंधी आ रही है, निखारे बुझाओ, पेड़ के नीचे से हटो.' त्यांनी वर बघितलं आणि हसले. 'आंधी तो हर साल आती है, मैडम.' पण बायकोनं पोर उचललं, कोळशावर पाणी मारलं, आणि तिघं जिन्यात आली. पाच-सात मिनिटांत दिवसाची रात्र झाली. विमानं वळवली गेली, मेट्रो थांबली, शहरभर झाडं पडली, आणि उत्तरेत त्या दिवशीही बरीच माणसं गेली. आमचा कडुनिंब पडला नाही. टेबलही जागच्या जागी होतं. इस्त्रीवाले म्हणाले, 'देखा? कुछ नहीं हुआ.' मी म्हटलं, 'हाँ, अच्छा हुआ.' जिन्यात पोर रडत होतं, त्याची झोपमोड झाली होती.

पाहुणी ज्या वादळासाठी सात समुद्र ओलांडून आली, ते ती गेल्यावर दोन दिवसांनी माझ्या दारात आलं. तिला कळवलं तर तिला हुरहुर लागेल म्हणून मी कळवलं नाही. त्या गावातल्या पुतण्याचा नंबर मात्र माझ्याकडे होता. २०१९ च्या उन्हाळ्यापासून मी रडारच्या चित्रावर रेघ तिकडे सरकताना दिसली की त्याला निरोप पाठवू लागले. आंधी येतेय, कच्च्या भिंतीपासून लांब झोपा, आजूबाजूला सांगा. पहिल्या वर्षी त्यानं उत्तरं दिली. एकदा लिहिलं, 'आई थी, सब ठीक.' एकदा लिहिलं, 'नहीं आई.' एका निरोपाला त्यानं फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं. लोक खोट्या इशाऱ्याला कंटाळतात, हे पाहुणीनंच सांगितलं होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात नंबर बंद लागला. त्या बाईंचा नंबर मी घेतलाच नव्हता. त्यांचं नावही विचारलं नव्हतं.

म्हणून २०२२ च्या त्या रात्री मी पत्र लिहिलं. त्या बाईंनी काय विचारलं होतं आणि मी काय सांगितलं, एवढंच. सबबी दिल्या नाहीत. तीन दिवसांनी उत्तर आलं. पाहुणीनं लिहिलं होतं की तिला ठाऊक आहे. परतल्यावर फोटोंखाली मजकूर लिहायचा म्हणून तिनं ते रेकॉर्डिंग आग्र्याकडच्या एका विद्यार्थ्याकडून ऐकवून घेतलं होतं, त्याच हिवाळ्यात. म्हणजे साडेतीन वर्षं तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दर नव्या वर्षाला आम्ही एकमेकींना शुभेच्छा पाठवत होतो. तिनं पुढं लिहिलं होतं की तू बरोबर भाषांतर केलं असतंस तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि म्हणून त्या बाईंचा फोटो मी कुठंही लावला नाही.

ते वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की आम्ही दोघींनी मिळून त्या बाईंना दोनदा गप्प केलं होतं. मी त्यांचं वाक्य काढून टाकलं, तिनं त्यांचा चेहरा. दोघींनीही सभ्यपणानं.

गेल्या वर्षी, २१ मे २०२५ च्या संध्याकाळी दिल्लीत गारा पडल्या. त्याच संध्याकाळी श्रीनगरला निघालेलं एक विमान वाटेत गारपिटीत सापडलं आणि नाकाड फुटलेल्या अवस्थेत उतरलं. आमच्या बाल्कनीत बोराएवढ्या गारा उड्या मारत होत्या. मी फोनवर रडार उघडून बसले होते. ढगांची रेघ दिल्ली ओलांडून पुढं निघाली होती, आणि तिच्या वाटेवर मला निरोप पाठवता येईल असा एकही नंबर माझ्याकडे नव्हता. तेवढ्यात गावाकडून आईचा फोन आला. टीव्हीवर बघितलं म्हणे.

'सगळे घरात हायेत का गं?' तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. गारा किती मोठ्या आहेत, हे तिनं विचारलं नाही.